लोहगावचं विमान, हिर्डोशीची झोळी

मी लोहगावला लोडर आहे. लोडर म्हणजे हमाल. पिवळं जाकीट चढवलं, गळ्यात फोटोचा पास अडकवला आणि इंग्रजी नाव दिलं म्हणून पाठीचं काम डोक्याचं होत नाही. ठेकेदार बदलतो, जाकिटावरचं नाव बदलतं, ओझं तेच. कधी बॅगा, कधी आंब्याच्या पेट्या, कधी पेटीत बंद केलेलं प्रेत. होय, प्रेतसुद्धा आम्हीच चढवतो. त्याचंही वजन होतं आणि पावती फाटते.

हे आधीच सांगून टाकलं. कारण पुढं मी जे लिहिणार आहे ते वाचून एखादा शहाणा विचारणारच, "लष्कराच्या विमानांतलं तुला रे काय कळतं?" बाबा, मला ओझं कळतं. ते कुठून उचललं, कुठं टाकलं, कुणाच्या पाठीवरून गेलं आणि पावती कुणाच्या नावानं फाटली, एवढं कळतं. लष्कराचा वाहतुकीचा हवाई तळ म्हणजे याच्यापलीकडं काही नसतं. बाकी सगळा बँडबाजा.

तुम्ही ज्याला पुण्याचा विमानतळ म्हणता तो मुळात वायुदलाचा तळ. १९३९ साली इंग्रजांनी तो उभा केला, मुंबईच्या आकाशाची राखण करायला. आजही धावपट्टी वायुदलाची, आपली नागरी विमानं तिथं पाहुणी. तळाचं नाव लढाऊ विमानांमुळं. २००२ साली पहिली सुखोई-३० एमकेआय इथंच दाखल झाली. पण महापूर आला, दरड कोसळली, ऑक्सिजन संपला की हाच तळ वाहतुकीचा तळ होतो. मग राखाडी रंगाची धूडं उतरतात, त्यांची मागची दारं जबड्यासारखी उघडतात आणि आतून ट्रक, होड्या, माणसं बाहेर पडतात. आम्ही पलीकडच्या बाजूनं, बॅगांच्या ट्रॉलीला टेकून बघत बसतो.

माझं गाव हिर्डोशीच्या खोऱ्यात. तालुका भोर. नकाशावर सरळ रेघ मारली तर लोहगावपासून साठ किलोमीटरच्या आसपास. विमानाला हे अंतर म्हणजे तंबाखू मळून होईपर्यंतचं. हिरडस मावळ म्हणतात या भागाला. बाजीप्रभूचं शिंद गाव इथलंच, म्हणून भाषणात आमची माती कपाळाला लावायची रीत आहे. कपाळाला लावतात आणि गाडीत बसून निघून जातात. पाणी मात्र जाताना घेऊन जातात. नीरा-देवघर धरणात आमच्या डोळ्यांसमोर पाणी अडवलं आणि कालवे काढले ते फलटण-माळशिरसच्या बाजूला. धरणाच्या काठाकाठानं भोर-महाड रस्ता जातो, हिर्डोशीवरून वरंधा घाट चढतो-उतरतो आणि महाडला पोचतो. त्याच महाडला, जिथं २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पावसाळ्यात हा घाट बंद असतो. दरवर्षी. पाऊस पडला की घाट बंद, हे आता पंचांगात छापायला हरकत नाही.

२२ जुलै २०२१. गुरुवार. मी ड्युटीवर होतो. दुपारनंतर आईचा फोन आला. आवाज तुटत होता. "आरं, आत्याच्या घराची भिंत बसली. आत्या खाली घावली. कंबरंतून काय तरी मोडलंय. गाडी येतीया का बघ." मी म्हटलं, "आई, तुम्ही तिला हलवू नका, मी बघतो." काय बघणार होतो मी, माझं मला माहीत. भोरला दोन ठिकाणी फोन केला. उत्तर एकच, रस्त्यावर दरडी आहेत, पुढं गाडी जात नाही. संध्याकाळपर्यंत आईचाही फोन बंद झाला.

त्याच दुपारी घाटाच्या पलीकडं, वरंध्याच्या पायथ्याशी, महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर उतरला. ऐंशीच्या वर माणसं गेली. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. मदतीच्या तुकड्या तिथं पोचल्या त्याही दुसऱ्या दिवशी.

आत्याचं नंतर कळलं ते असं. रात्रभर वाट बघून पहाटे आठ जणांनी तिला घोंगडीच्या झोळीत घातलं. झोळी माहीत आहे ना? दोन बांबू, मध्ये घोंगडी नाहीतर चादर, पुढं दोघं, मागं दोघं, बदलीला चौघं. आठांत पाच आमच्या बौद्धवाड्यातले, दोघं धनगर, एक मराठ्याचा पोरगा. हे मुद्दाम लिहितोय, कारण जातीचं जिथं लिहायचं तिथं लिहिलं पाहिजे आणि जिथं जात गळून पडली तेही लिहिलं पाहिजे. चिखलातून, पडलेल्या झाडांवरून, खचलेल्या रस्त्याच्या कडेनं ती माणसं चालली. निगुडघरच्या अलीकडं आत्या गेली. त्यांना ते लगेच कळलं नाही. पाऊस एवढा होता की तिचं कण्हणं थांबलं हे ऐकूच आलं नाही. मेलेल्या बाईला घेऊन ती आठ माणसं आणखी दीड तास चालली.

आणि शनिवारी, २४ जुलैला, मी लोहगावला काय बघितलं? आकाशातून राखाडी धूड उतरलं. त्या दिवसांत वायुदलाच्या सी-१७, सी-१३० आणि एएन-३२ विमानांनी भुवनेश्वर, कोलकाता, वडोदऱ्याहून एनडीआरएफचे ४०० जवान आणि ४० टन सामान पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी आणि गोव्याला आणलं. खरं सांगू? ऊर भरून आला. चारशे माणसं, चाळीस टन! पुढच्याच मिनिटाला पोटात पीळ पडला. भुवनेश्वरहून पुण्यापर्यंतचा अर्धा देश त्यांनी काही तासांत ओलांडला, आणि लोहगावहून हिर्डोशीपर्यंतचे ते साठ किलोमीटर? ते माझ्या आत्याच्या वाट्याला आले, आठ माणसांच्या खांद्यावर, घोंगडीत.

दोस्तांनो, इथं गल्लत करू नका. ते जवान गाळात उतरले, पुरातून माणसं काढली. त्यांच्यावर माझा राग नाही. वैमानिकावर नाही. विमानावर तर नाहीच, विमान म्हणजे लोखंडी बैल, हाकाल तिकडं जाईल. माझा राग हाकणाऱ्यावर आहे. आणि त्याहून जास्त त्या टीव्हीसमोरच्या पांढरपेशावर, ज्याला धावपट्टीवरचं उघडलेलं दार बघितलं की वाटतं, झालं, मदत पोचली! धावपट्टीवर पोचलेली मदत म्हणजे गोदामात पोचलेलं धान्य. भुकेल्याच्या ताटात ते पडलं का, हे कोण बघणार?

हा तळ नेमकं काय करतो ते जरा उलगडून बघू. लढाऊ विमान फोटोत येतं, वाहतुकीचं विमान सैन्याचं पोट भरतं. २७ ऑक्टोबर १९४७ला दिल्लीहून डाकोटा विमानं श्रीनगरला उतरली म्हणून काश्मीर हातात राहिलं. मे १९४८मध्ये मेहर सिंगांनी लेहच्या मातीच्या पट्टीवर पहिला डाकोटा उतरवला, आणि ती पट्टी तिथल्या गावकऱ्यांनी हातांनी तयार केलेली होती, हे विसरू नका. ऑक्टोबर १९६२मध्ये एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे चुशूलला नेऊन उतरवले. ११ डिसेंबर १९७१ला टांगाईलवर छत्र्या उघडल्या त्या २ पॅराच्या, म्हणजे मूळच्या मराठा पलटणीच्या. २०२०मध्ये गलवाननंतर लडाखला ६८ हजारांवर सैनिक आणि ९०च्या आसपास रणगाडे हवेतून पोचवले, असं पुढं सरकारी गोटातूनच सांगितलं गेलं. रणगाडा हवेतून! सी-१७मध्ये सत्तर टनांच्या वर ओझं मावतं. दहा विमानांचा करार २०११ साली झाला तो ४१० कोटी डॉलरचा.

आता मुद्द्याचं. विमान लेहला उतरलं म्हणजे काम संपलं, असं लष्कर कधी म्हणतं का? नाही. चंदीगडहून मोठं विमान लेहला, थॉइसला. तिथून हेलिकॉप्टर. दौलत बेग ओल्डीला, साडेसोळा हजार फुटांवर, २० ऑगस्ट २०१३ला सी-१३० उतरवून दाखवलं. जिथं विमान नाही तिथं छत्रीनं टाकायचं, जिथं तेही नाही तिथं खेचर, आणि सगळ्यात शेवटी पोर्टर. सियाचेनवर १९८४पासून नुब्रा खोऱ्यातली गरीब पोरं पाठीवर रॉकेलचे डबे वाहतात. म्हणजे साखळी आहे. तळापासून शेवटच्या चौकीपर्यंत एकेक कडी आधी बनवून ठेवलेली आहे. बर्फ पडल्यावर धावपळ करत नाहीत, बर्फ पडायच्या आत सहा महिन्यांचं धान्य वर पोचवून ठेवतात. सरकारला जिथं पोचायचंच आहे तिथं सरकार पोचतं. चीनच्या हद्दीला पोचतं. भोर तालुक्यात पोचत नाही.

का? तर आम्ही सीमा नाही. आमच्या डोंगरापलीकडं शत्रू नाही, फक्त कोकण आहे.

मोजा ना. ३० जुलै २०१४, माळीण, तालुका आंबेगाव. महादेव कोळ्यांचं गाव. १५१ माणसं डोंगराखाली. जगाला कसं कळलं? उपग्रहानं नाही, विमानानं नाही. एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला आणि त्याला गावच दिसलं नाही! लोहगावच्या सुखोईला माळीण म्हणजे दोन-चार मिनिटांचं अंतर. मग तळिये, २०२१. मग १९ जुलै २०२३ची रात्र, इर्शाळवाडी, तालुका खालापूर. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून लिहिली आणि शोध थांबवला. तिथं यंत्र चढलं नाही. मुंबईला हेलिकॉप्टरं तयार ठेवली होती, पण हवामानानं उडू दिलं नाहीत. घमेली, फावडी घेऊन माणसं डोंगर चढली. वर कोण चढलं बघा. मजूर. पुन्हा पाठच.

महादेव कोळी, ठाकर, कुणबी, धनगर, बौद्ध. डोंगराच्या कुशीत कोण राहतं आणि कड्याखाली कोण राहतं, याची यादी केली की कुणाच्या अंगावर दरड पडणार हे पावसाळ्याआधीच सांगता येतं. ज्योतिषी लागत नाही.

इथं तो शहाणा परत उठणार. "अरे, ढगात हेलिकॉप्टर कसं उडवायचं? घाटात सी-१७ उतरवायचं का?" नाही साहेब. मला एवढं कळतं. जुलैत सह्याद्रीत ढग जमिनीला टेकतात, समोरचा हात दिसत नाही. म्हणूनच तर विचारतोय! ढग येणार हे ठाऊक आहे, घाट तुटणार हे ठाऊक आहे, हेलिकॉप्टर उडणार नाही हेही ठाऊक आहे. मग जे सियाचेनला करता ते इथं का नाही? पावसाच्या आधी साखळी का नाही बांधत? मे महिन्यात आकाश निळंभोर असतं. तेव्हा भोरला, वेल्ह्याला, घाटाच्या दोन्ही तोंडांना सामान नेऊन का ठेवत नाही? स्ट्रेचर, जनरेटर, दोर, औषध, जोडायचा लोखंडी पूल. त्यासाठी सी-१७ लागत नाही, ट्रक पुरतो. लागते ती फक्त इच्छा, आणि तीच तर तुमच्या भांडारात शिल्लक नाही.

पूल म्हटला म्हणून वायनाड आठवलं. ३० जुलै २०२४. माळीणला बरोबर दहा वर्षं झाली त्याच तारखेला केरळात चुरलमला-मुंडक्काईवर डोंगर कोसळला. तिथं बेली पुलाचं सामान वायुदलाच्या विमानानं कन्नूरला गेलं, काही रस्त्यानं बंगळूरहून आलं, आणि लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपनं १९० फुटांचा पूल दोन दिवसांच्या आत उभा केला. पुलावर उभी होती मेजर सीता शेळके, आपल्या नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्याची पोरगी. बघा, करायचं म्हटलं तर होतं. विमान, ट्रक, पूल, माणूस, सगळ्या कड्या जुळल्या. दरड पडल्यावर का होईना, जुळल्या.

पण गोष्ट तिथं संपत नाही. पुढं ऐका आणि मग टाळ्या वाजवा. २०२४च्या अखेरीला केरळ सरकारच्या हातात दिल्लीचं पत्र आलं. २००६पासून सप्टेंबर २०२४पर्यंत आपत्तीत वायुदलानं जी उड्डाणं केली त्याचे १३२ कोटी ६२ लाख रुपये भरा! त्यात २०१८च्या महापुराचे होते, वायनाडचेही होते. बिल! बुडणाऱ्याला दोर टाकायचा आणि तो काठावर आल्यावर दोराचं भाडं मागायचं. मी लोडर आहे, मला पावती नवी नाही. पण रणगाडा लेहला नेला त्याचं बिल लडाखच्या मेंढपाळाला पाठवलं का कधी? मग संरक्षण म्हणजे काय? जमिनीच्या रेघेचं संरक्षण हा देशाचा खर्च, आणि जमिनीवरच्या माणसाचं संरक्षण ही उधारी?

याला म्हणतात हिशेब. तळाची भूमिका या हिशेबात दिसते, संचलनात नाही.

आणखी एक हिशेब. २०२० सालचा लॉकडाऊन आठवा. २७ फेब्रुवारीला सी-१७ वुहानहून ७६ भारतीय घेऊन आलं, १० मार्चला तेहरानहून ५८. चांगलं केलं. आपलीच माणसं. पुढं रस्त्यांवर काय सुरू झालं ते तुम्ही पाहिलंत. लेकरं खांद्यावर घेऊन माणसं शेकडो कोस चालली. ३ मे २०२०ला वायुदलाची विमानं देशभर उडाली, सी-१३० श्रीनगरहून तिरुअनंतपुरमपर्यंत आणि दिब्रुगडहून कच्छपर्यंत. कशाला? सलामीला. हेलिकॉप्टरांनी दवाखान्यांवर फुलं टाकली. फुलं! पाचच दिवसांनी, ८ मेच्या पहाटे, करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले. जालन्याहून निघाले होते, भुसावळच्या वाटेला. त्यांच्या भाकऱ्या रुळावर पडलेल्या साऱ्या देशानं बघितल्या. आकाशातून फुलं आणि रुळावर भाकऱ्या, आठवड्याच्या आत. ओझं वाहण्याची ताकद देशात होती. वाहायचं कुणाला, एवढंच ठरलेलं होतं.

पुढच्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन संपला तेव्हा हाच लोहगाव जागा झाला. २४ एप्रिल २०२१ला हिंडनहून सी-१७ आलं, ऑक्सिजनचे दोन रिकामे टँकर पोटात घातले आणि जामनगरला नेऊन सोडले. टँकर भरून परत आले ते रस्त्यानं, कारण भरलेला टँकर विमानात नेणं धोक्याचं. हे मी कौतुकानं सांगतो. रिकामं जाताना हवेतून, भरलेलं येताना रस्त्यानं, वेळ अर्ध्यावर आला. कुणीतरी डोकं वापरलं. मग मी विचारतो, हे डोकं फक्त शहर गुदमरलं की चालतं का? दरडीखाली गुदमरतात त्यांच्यासाठी ते रजेवर असतं का?

मला माझा आजा आठवतो. महार रेजिमेंटमध्ये मशीनगनवर होता. रेजिमेंट १९४१ला बेळगावला उभी राहिली ती सहजासहजी नाही. १ जानेवारी १८१८ला कोरेगावात लढलेल्यांच्या नातवंडांना इंग्रजांनी पुढं 'लढाऊ जात नाही' म्हणून भरतीतून हाकललं. १८९४ला दापोलीहून गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, पुढं शिवराम जानबा कांबळ्यांनी केले, मग बाबासाहेबांनी लावून धरलं, तेव्हा कुठं. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता. बासष्टला आज्याला चंदीगडहून विमानात घालून लेहला नेलं. म्हातारा सांगायचा, "सरकारनं मला जन्मात एकदाच विमानात बसवलं. जाताना. येताना मी ट्रकनं आलो, आगगाडीनं आलो, आन् भोरपासनं पेटी डोक्यावर घिऊन पायी आलो." गावात आल्यावर चहा प्यायला बसला तर त्याची कपबशी वेगळी. चुशूलच्या थंडीत एका डब्यात जेवलेला माणूस. तो हसून सांगायचा, मला अजून हसू येत नाही.

आज्याचा बाप महारकी करायचा. महारकीच्या कामांत एक काम होतं, सरकारी ओझं पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं. साहेब आला, त्याचा तंबू, त्याच्या पेट्या, डोक्यावर. पैसा नाही, भाकरतुकडा. बाबासाहेबांनी १९२८ला मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यावर बिल आणलं ते याच वेठीच्या मानेवर घाव घालायला. वतनं कायद्यानं गेली ती १९५९ला. गेली? कागदावरून गेली. पणजा साहेबाची पेटी वाहत होता, आजा बंदूक वाहत होता, मी प्रवाशांच्या बॅगा वाहतो. आणि गावात आठ माणसं आत्याला वाहतात. राज्य बदललं, भोर संस्थान १९४८ला विलीन झालं, तंबूच्या जागी सी-१७ आलं. विमान थांबतं तिथून पाठ सुरू होते, आणि ती पाठ कुणाची हे अजून जन्मावरूनच ठरतं.

मध्यंतरी, ऑक्टोबर २०२२मध्ये, आपल्या पुढाऱ्यांना वाहतूक विमानाचा मोठा पुळका आला होता. टाटा-एअरबसचा सी-२९५ बनवायचा कारखाना नागपूरच्या मिहानला येणार होता म्हणे, तो वडोदऱ्याला गेला. काय ती छाती पिटणं! महाराष्ट्राच्या तोंडचा घास पळवला! ५६ विमानं, २१ हजार ९३५ कोटी रुपये. मीही म्हणतो, नोकऱ्या गेल्या हे वाईटच. पण सभागृहात, चॅनेलवर, चौकात एवढा गळा काढणाऱ्यांपैकी एकानं तरी विचारलं का, ही विमानं बनल्यावर कुणासाठी उडणार? कारखाना कुणाच्या अंगणात यावर तंटा, विमान कुणाच्या मदतीला यावर चिडीचूप. घास पळवला म्हणणाऱ्यांचं पोट भरलेलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्यातल्याही काही जणांना सांगायचंय. पुण्या-मुंबईत राहून चळवळ करणाऱ्या दोस्तांनो, आपण नामांतरावर बोललो, आरक्षणावर बोललो, पुतळ्यावर रस्त्यावर उतरलो. बरोबरच केलं. पण लष्कर म्हटलं की आपली दातखीळ बसते. एक तर कोरेगावचा अभिमान म्हणून गप्प, नाहीतर देशद्रोही म्हणतील म्हणून गप्प. अरे, ज्यांच्या आज्यांनी मशीनगन वाहिली त्यांनीच विचारायचं, की या ताकदीची पावती कुणाच्या नावानं फाटते. आपल्याइतका हक्क कुणाला आहे? टीव्हीवर ओरडणाऱ्या त्या मिशाळ देशभक्ताला? त्यानं आयुष्यात स्वतःची बॅग स्वतः उचललेली नाही. मला माहीत आहे, मीच उचलतो.

मागणी साधी आहे आणि ती भीक नाही. दरवर्षी १५ मेच्या आत वायुदल, एनडीआरएफ आणि तालुक्यानं मिळून वरंध्याच्या दोन्ही बाजूंना एकदा तरी रंगीत तालीम करावी. लोहगावला उतरलेलं ओझं हिर्डोशीला किती तासांत येतं ते घड्याळ लावून मोजावं आणि आकडा चावडीवर लिहावा. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे हे जमणार नाही असं कुणी सांगू नये. भोरला बेली पुलाचं सामान कायमचं ठेवावं. खोऱ्यात हेलिकॉप्टर उतरेल अशी एक तरी सपाट जागा, आमदाराच्या सभेसाठी नव्हे, बारा महिने मोकळी. गावागावांत आठ-आठ जणांना स्ट्रेचर वाहायचं शिक्षण आणि त्याचा रोज, कारण सियाचेनच्या पोर्टरला मजुरी मिळते आणि सह्याद्रीच्या पोर्टरला फक्त "गावकऱ्यांनी माणुसकी दाखवली" अशी दोन ओळींची बातमी मिळते. आणि आपत्तीतल्या उड्डाणाचं बिल कुठल्याही राज्याला पाठवायचं बंद.

ही मागणी आम्ही लिहून दिली. एकदा दिली, दोनदा दिली. पोच मिळाली, त्यावर शिक्का आहे. शिक्का छान उमटलाय.

म्हणून येत्या १ जूनला सकाळी नऊ वाजता आम्ही हिर्डोशीहून झोळी उचलणार आहोत. तीच घोंगडी. आईनं धुऊन ठेवली आहे. आत कुणी नसेल, फक्त आत्याच्या घराच्या पडक्या भिंतीचे दगड असतील, तिच्या वजनाइतके. त्या आठांपैकी सात जण येणार आहेत, आठवा आता सुरतेला कामाला आहे. भोरपर्यंत पायी, तिथून पुण्याला आणि पुढं लोहगावच्या फाटकापर्यंत पुन्हा पायी. किती वेळ लागतो ते आम्ही मोजणार. खांदा बदलायला माणसं लागतील. ज्यांना यायचं त्यांनी आदल्या रात्री मुक्कामाला या, आई भाकरी-पिठलं करणार आहे. बूट घालू नका, घाटात घसरतात.